माळावरचं सलून

टेम्पोवाल्याचा हॉर्न दोनदा वाजून झाला होता आणि मी तिसऱ्या मजल्यावर आमच्या फ्लॅटच्या दाराचं कुलूप ओढत उभी होते. एकदा ओढलं, जिना उतरायला लागले, अर्ध्यातून परत वर गेले आणि पुन्हा ओढलं. समोरच्या पाठककाकू दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या हातात माझ्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा होता आणि डोळ्यांत पाणी होतं. पण मला दुसऱ्यांदा वर आलेली बघून त्यांना हसू फुटलं. "माधुरी, अगं ते कुलूप कंटाळलं," त्या म्हणाल्या.

विद्या, माझी धाकटी बहीण, हे वाचेल तेव्हा तिला लगेच कळेल. आमच्या वडिलांच्या शाळेतल्या बदल्यांमुळे आम्ही लहानपणी दर तीन-चार वर्षांनी गाव सोडायचो. प्रत्येक वेळी सामान गाडीत चढलं, शेजाऱ्यांचा निरोप झाला, की आई एकच वाक्य म्हणायची: "कुलूप ओढून बघितलंस?" रिकामं, भाड्याचं, आता आपलं नसलेलं घर. त्याचं कुलूप ओढून काय वाचवायचं होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. आई गेली, पण ते वाक्य आम्हा दोघींच्या हातात राहिलं. विद्या कॅनडात राहते, तिथं दार आपोआप बंद होतं, तरी ती अजून ओढून बघते. मी सगळ्यात लांब गेले ती चिंचवडहून पारनेर तालुक्यापर्यंत. पण आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना विचाराल तर मीच जास्त लांब गेले.

हे लिहितेय ते त्या मैत्रिणींसाठी आणि विद्यासाठी. राहिलेल्यांसाठी आणि गेलेल्यांसाठी. फोनवर प्रत्येकीला वेगवेगळं सांगून झालंय, आता एकदा क्रमानं सांगते. क्रम लावल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

तर, कारण. माझा नवरा अविनाश सूतगिरण्यांच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होता. आयुष्यभर गावोगावच्या गिरण्यांत जाऊन त्यानं दुसऱ्यांच्या सुताची चाकं नीट केली. कंपनीनं तो विभाग बंद केला तेव्हा त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आठ दिवस गॅलरीत बसून राहिला. नवव्या दिवशी म्हणाला, गावाकडच्या जमिनीत आपण लोकरीच्या शेळ्या पाळू. मला वाटलं, गॅलरीतल्या उन्हाचा परिणाम.

पण तो माहिती काढून बसला होता. अंगोरा नावाची एक परदेशी शेळी असते, तिच्या अंगावर लांब, कुरळी, चमकदार लोकर येते. तिचा आणि आपल्याकडच्या संगमनेरी शेळीचा संकर करून, पुढं अनेक पिढ्या जपलेला एक छोटा कळप श्रीरामपूरच्या बाजूला एका निवृत्त पशुवैद्यांकडे होता. त्यांचं वय झालं होतं, मुलगा परदेशात होता आणि कळप कुणाला द्यावा या चिंतेत ते होते. खाटकाला द्यायचा नव्हता. अविनाशला खाटकासाठी वाढवायच्या नव्हत्या. दोघांचं जमलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या डॉक्टरांनी मला काहीच समजावलं नाही, फक्त एका शेळीच्या मानेवरची लोकर बाजूला करून माझा हात आत ठेवला. मी हॉस्पिटलच्या भांडारात वीस-बावीस वर्षं कापूस, गॉज, चादरी, ब्लँकेटं हाताळली आहेत. असा स्पर्श माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता.

तरी मी भारावून होकार देणाऱ्यांतली नाही. मी अट घातली. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं देऊ. तो करार संपेपर्यंत या शेळ्यांच्या लोकरीचं अंगावर घेण्यासारखं एक तरी पांघरूण तयार झालं पाहिजे. झालं तर राहू. नाही झालं तर कळप चांगल्या माणसाला देऊन परत येऊ, आणि पुन्हा गॅलरीत बसायचं नाही. अविनाश म्हणाला, "मान्य." इतक्या लगेच म्हणाला की मला जरा वाईटच वाटलं. एवढ्याशा पांघरुणावर तो सगळं लावायला तयार होता.

राखी पौर्णिमेनंतर आम्ही गावात आलो. आमच्या वाट्याची जमीन म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड माळ, एक विहीर आणि सासऱ्यांनी कधीकाळी बांधलेल्या दोन खोल्या. शेजारच्या रानात अविनाशचा चुलतभाऊ पोपट राहतो. नात्यानं माझा धाकटा दीर, स्वभावानं गावाचा रेडिओ. टेम्पोतून आमचं सामान उतरताना तो कमरेवर हात ठेवून उभा होता. फ्रिज उतरला, मग पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन उतरलं, मग माझं फायलींचं कपाट. दुसऱ्या खेपेला शेळ्या उतरल्या. त्यांना बघून त्यानं कमरेवरचे हात काढले आणि एकेकीभोवती फेरी मारली.

"वैनी," शेवटी तो म्हणाला, "ह्या कापायच्या न्हाईत म्हंता?"

मी म्हटलं, नाही, यांचे फक्त केस कापायचे.

"बोकडांचं बी?"

बोकडांचेही. खच्ची केलेल्या बोकडाची लोकर जास्त येते, म्हणून बोकडही म्हातारे होईपर्यंत ठेवायचे. पोपटनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अव्यानं माळावर शेळ्यांचं सलून टाकलंय. पुढचे कित्येक दिवस रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण मोटरसायकल हळू करून विचारायचा, नंबर कधी लागंल? दाढी बी हाय का नुसती कटिंग? नगरला पशुखाद्य आणायला गेले तर दुकानदारानं बिलावर आमच्या नावापुढं कंसात सलून लिहिलं, म्हणजे ते तिथपर्यंत पोचलं होतं. मला राग यायला हवा होता. पण मी अविनाशला पाटी रंगवून आणायला सांगितली. आता फाटकावर तीच पाटी आहे.

चिंचवडमध्ये मी अविनाशला अविनाशच म्हणायचे. इथं पहिल्याच आठवड्यात पोपटच्या बायकोसमोर, शोभासमोर, मी "अविनाश, पाण्याची मोटर बंद कर" असं ओरडले आणि तिच्या हातातलं वैरणीचं ओझं खाली पडलं. दुसऱ्या दिवशी पोपटनं सांगितलं की शोभानं त्यालाही नावानं हाक मारून बघितली आणि दोघं जेवण सोडून हसत बसले. तेव्हापासून मी चारचौघांत "हे" म्हणते आणि घरात अविनाश. सुरुवातीला जड जायचं. आता कधीकधी घरातही "हे" निघतं, आणि तो मागं वळून बघतो की आणखी कोण आलंय.

माझ्या याद्यांचं इथं काय झालं, हेही सांगायला हवं. आल्या आल्या मी फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. लसीकरण, जंतनाशक, खुरं कापणं, कोणी काय कधी खाल्लं. तक्ता चांगला होता. पण शेळ्यांनी तो वाचला नव्हता. त्यातली एक करडी, एका कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी तर तक्त्याच्या विरोधातच होती. ती फाटकाची कडी ओठांनी उचलायची. शांतपणे, कुणी बघत नाही हे बघून, आणि मग बाकीच्यांना बाहेर जाऊ देऊन स्वतः शेवटी निघायची. आम्ही तिचं नाव मॅनेजर ठेवलं. अविनाशनं कडीला खाच पाडून दिली. मग ती खाली ओढून बसवली तरच पक्की लागायची, नाहीतर मॅनेजरसाठी उघडीच. त्या दिवसापासून फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाक्य म्हणू लागले. कडी ओढून बघितलीस? पोपट म्हणायचा, "वैनी, तुमी बँकेत असत्या तर बँक कवाच बुडली नसती."

दसऱ्याच्या सुमाराला माळावरचं गवत सोनेरी झालं. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी वा वा केलं. आठ दिवसांत कळलं की ते सोनं म्हणजे कुसळं. सुईसारखी टोकं, एकदा लोकरीत शिरली की आत आत जातात आणि कातडीपर्यंत पोचतात. आम्ही दोघं रोज शेळ्यांना धरून कुसळं उपटत बसायचो. गावच्या साध्या शेळ्यांना हा त्रासच नाही, त्यांच्या अंगावर कुसळ टिकत नाही. त्यामुळं यावर उपायही गावात कुणाकडे नव्हता. उपाय मला हॉस्पिटलच्या दिवसांनी सुचवला. जिथं घाण लागायची तिथं कव्हर घालायचं. मी ग्रुपवर लिहिलं की जुन्या चादरी हव्या आहेत, सुती, मोठ्या, फाटक्या नकोत. कशासाठी ते लिहिलं नाही.

तुम्ही सगळ्यांनी इतक्या पाठवल्यात की पार्सलवाल्यानं विचारलं, लॉज काढताय का. मी आणि शोभानं मिळून झबली शिवली. पुढच्या पायांना दोन भोकं, पोटाखाली नाडी, शेपटीकडं मोकळं. आठ-दहा दिवसांत आमचा सगळा कळप फुलाफुलांच्या, चौकटीच्या, हत्तींच्या रांगांच्या चादरी नेसून माळावर चरायला लागला. रस्त्यावरची एसटी थांबायची. खरंच थांबायची, ड्रायव्हर खिडकीतून बघायचा. आणि कुसळं थांबली.

दिवाळीनंतर पाठककाकू आणि भिशीतल्या चौघी गाडी करून आल्या. काकू फाटकाशी उतरल्या, माळाकडं बघितलं आणि तिथंच थांबल्या. एक बोकड मोरपंखी चादर घालून बाभळीला पाय लावून उभा होता. "ही माझी," काकू म्हणाल्या. "ही राजस्थानच्या ट्रिपची. हिच्यासाठी मी ह्यांच्याशी भांडले होते." मग त्या बोकडाजवळ गेल्या, त्याची नाडी सुटली होती ती गाठ मारून बांधली, आणि म्हणाल्या, "बरोबर ठिकाणी आली." चौघींनी आपापली चादर शोधली. शोभानं पिठलं-भाकरी केली होती. जेवताना एकीनं हळूच विचारलं, मग जुलैत परत येताय ना? मी म्हटलं, पांघरुणावर आहे. अविनाश तेव्हा ताटातल्या ठेच्याकडं फार लक्ष देऊन बघत होता.

होळीच्या आधी पहिली कातरणी झाली. शेजारच्या वाडीतले किसनमामा आले होते. घोंगडी विणणारं घर. मामा कातरणार आणि विणणार, भामामामी सूत कातणार. मामांना स्वतःच्या हाताबद्दल अजिबात शंका नाही. पहिल्या शेळीला आडवं करतानाच त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की त्यांच्या कातरीखालच्या मेंढीला कधी ओरखडा गेला नाही आणि ते ज्याची घोंगडी विणतात त्याच्या नातवालाही ती पुरते. अर्धं गाव जमलं होतं. पोपटनं खुर्ची टाकली, शेळीच्या गळ्यात टॉवेल गुंडाळला आणि आरसा धरला. मॅनेजरनं आरशातल्या शेळीला ढुशी दिली. पण लोकर सुटायला लागली तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. पांढरे, किंचित पिवळसर, वळणावळणाचे झुपके, उन्हात रेशमासारखे. शोभा पुढं झाली आणि तिनं एक झुपका गालाला लावला. मग दुसरीनं लावला. माणसंसुद्धा.

कातरणी झाल्यावर मी लोकर निवडली. हे माझं काम, यात मला कुणी शिकवायला नको. मानेची आणि खांद्याची उत्तम, ती एका बाजूला. पाठीची त्याखालोखाल. पोटाची आणि मांड्यांची भरड, ती पोत्यात. मग प्रश्न आला धुण्याचा. मामी म्हणाल्या, विहिरीवर टोपल्यात घालून बुचकळायची. मी विहिरीतल्या गढूळ पाण्याकडं बघितलं. अविनाशनं वॉशिंग मशीनकडं बघितलं. आमच्या मशीनवर एक बटण होतं, त्याच्यावर लोकरीच्या गुंडीचं चित्र होतं. इतकं स्पष्ट चित्र असल्यावर विचारायचं कुणाला? अविनाशनं स्पिरिट लेव्हल लावून मशीन सरळ केलं, मी पावडर मोजून घातली, आणि डाग जावेत म्हणून पाणी चांगलं गरम ठेवलं. आणि मी पद्धतशीर असल्यामुळं सगळ्यात चांगली लोकर सगळ्यात आधी घातली.

आम्ही दोघं समोर स्टुलं टाकून चहा पीत बघत होतो. काचेतून ढग फिरल्यासारखं दिसत होतं. मग ढग लहान झाले. मग एकच ढग राहिला.

दार उघडल्यावर जे बाहेर आलं ते मशीनच्या ड्रमसारखं गोल, पोकळ, पण डोक्याएवढं होतं. मऊ नव्हतं, कडक नव्हतं, पण एक होतं. कुठूनही एक केस सुटा होत नव्हता. अविनाशनं ते दोन्ही हातांनी ओढून बघितलं, मी ओढून बघितलं. ढिम्म. वर्षातली सगळ्यात चांगली लोकर टोपीसारखी माझ्या मांडीवर बसली होती आणि पुढची कातरणी करार संपल्यानंतर होती. अविनाश उठला, मशीनचं पाणी सोडलं, फिल्टर साफ केला, दार पुसलं. सूतगिरणीतली माणसं असं करतात, आधी यंत्र स्वच्छ. मग म्हणाला, "तुझी अट तशीच ठेवायची." मी म्हटलं, "तशीच." कारण त्या क्षणी मी ती सैल केली असती तर ती दया झाली असती, आणि ती त्यालाच आधी कळली असती.

दुसऱ्या दिवशी किसनमामांना ते दाखवावं लागलं. ते इतके हसले की मामींना त्यांची पाठ चोळावी लागली. "बुरणूस झालं की हो ताई," ते म्हणाले. बुरणूस म्हणजे लोकर न विणता, ओली करून, लाटून, दाबून केलेलं जाड पांघरूण. जुनी माणसं वापरायची. त्याला दोन-दोन गडी दिवसभर पायानं तुडवत. "तुमच्या मशिनीनं चहा व्हायच्या आत केलं." मी आशेनं विचारलं, मग हेच पांघरूण धरता येईल का? मामांनी ते डोक्यावर घालून दाखवलं. बरोब्बर बसलं. टोपी म्हणून.

मग राहिली होती ती दुय्यम लोकर. ती मामींनी आणि मी विहिरीवर टोपल्यांत बुचकळून धुतली, आणि मामींनी कातायला घेतली. ती हातातून निसटायची. मेंढीची लोकर एकमेकीला धरून बसते, ही सुळकन जाते. मामी म्हणायच्या, लई गुळगुळीत हाय, सून म्हनून न्हाई चालायची. तरी त्यांनी सूत काढलं. मामांनी ते मागावर लावलं आणि उभे धागे एकामागून एक तुटले. मामांनी शेळीला दोष दिला. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा तुटले. या वेळी हवेला दिला. अविनाश रोज सकाळी डबा घेऊन मामांच्या अंगणात जायला लागला. दोघं मागाखाली आडवे पडून काय काय बघायचे. गिरणीतला ताण, मागावरचा ताण. एकमेकांचं ऐकायचे नाहीत, पण एकमेकांच्या हाताकडं बघायचे. घरी आल्यावर अविनाशच्या केसांत लोकर असायची. मी बऱ्याच वर्षांत त्याला इतका मळलेला आणि इतका भुकेला बघितला नव्हता.

शेवटी ठरलं की उभा धागा मामांच्या मेंढ्यांचा, काळा, आणि आडवा आमच्या शेळ्यांचा. विणून झालं. आणि मग मामांनी कुणाला न विचारता त्यावर चिंचोक्याची खळ फिरवली, कारण घोंगडीला खळ लागतेच. वाळल्यावर ते पांघरूण भिंतीला टेकवून उभं राहिलं. कुणी न धरता. सगळी चमक गेली होती. मी बघायला गेले तेव्हा मामा त्याच्याकडं पाठ करून बसले होते.

"पापड झाला," मी म्हटलं.

"शेळीच आगाऊ हाय," मामा म्हणाले. मग, भिंतीकडं बघत, "तुमचं मशीन आन माझी खळ. फिटंफाट."

आम्ही चौघांनी मिळून ते विहिरीवर नेलं आणि खळ सुटेपर्यंत थंड पाण्यातून काढत राहिलो. चोळलं नाही. पिळलं नाही. एवढं आता आम्हाला येत होतं. शोभाही आली, पोपट आला, तो काठावरून सूचना देत होता. मग ते सावलीत दोरीवर टाकलं. संध्याकाळी मामींनी ते उचलून माझ्या हातावर ठेवलं. काळ्या धाग्यांतून चंदेरी चमकत होतं. जड नव्हतं. हातावरून घसरायला बघत होतं.

जूनचा ऐन उकाडा. भर दुपारी अविनाशनं गोठ्याच्या सावलीत खाट टाकली, आडवा झाला आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. कपाळावरून घाम ओघळत होता. मी, शोभा, पोपट आणि एक-दोन शेळ्या बघत उभे. "अंगावर घेण्यासारखं आहे," तो म्हणाला. "अट पुरी."

"दादा, मराल," पोपट म्हणाला.

"तिनं म्हटल्याशिवाय काढणार नाही."

मी म्हटलं, काढ. पण राहू असं म्हटलं नाही. तो उठून बसला, चेहरा पुसला, पांघरुणाची नीट घडी घातली. मला विचारलं नाही. त्याच्या न विचारण्याचा मला त्रास झाला, पण माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि का ते मलाच कळत नव्हतं. अट मी घातली होती, ती पुरी झाली होती. मी म्हटलं, भाडेकरू महिनाभर आधीच गेलेत, फ्लॅट एकदा बघून येते.

एसटीनं एकटी गेले. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं सलाम केला, लिफ्ट तशीच, तिसऱ्या मजल्यावर पाठककाकूंच्या दाराला तेच तोरण. मी आमचं दार उघडलं. भाडेकरूंनी घर चांगलं ठेवलं होतं. मी सवयीनं सगळं तपासलं, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले. या ओट्याशी मी माझ्या लेकीचे, केतकीचे, शाळेचे डबे भरले. हात ठेवला तर ओटा गार आणि ओळखीचा होता. मी रडू येईल म्हणून थांबले. ते आलं नाही. मग गॅलरीत गेले. अविनाश आठ दिवस बसला होता ती जागा. मी गॅलरीची लांबी नजरेनं मापली आणि मनात आलं, इथं दोन करडं राहतील, पण ऊन पश्चिमेचं आहे, चालायचं नाही. आणि कठड्याचे गज फार लांब लांब आहेत, मॅनेजर डोकं घालणार. मग माझं मलाच हसू आलं. रिकाम्या घरात मोठ्यानं हसले.

काकूंकडं जेवले. त्यांनी थांबायचा आग्रह केला. मी म्हटलं, नको, आज खुरं कापायचा दिवस आहे, हे एकटे पडतील. त्यांनी ते "हे" ऐकून माझ्याकडं बघितलं आणि आग्रह सोडला. गडबडीत निघाले, शिवाजीनगरला नगरची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, डोळा लागला.

शिरूरच्या पुढं जाग आली ती दचकून. मी कुलूप ओढून बघितलं नव्हतं. ओढणं सोडाच, लावलं की नाही तेच आठवेना. वडिलांच्या बदल्यांपासून आतापर्यंत असं कधी झालं नव्हतं. काकूंना फोन केला. त्या चपला घालून समोरच्या दाराशी गेल्याचं ऐकू आलं, मग कडी वाजली.

"माधुरी," त्या म्हणाल्या, "कुलूप नुसतं कडीत अडकवून गेलीस. दाबलंच नाहीस." त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. तो पुरणपोळ्यांचा डबा हातात धरला होता तेव्हासारखा. "तू नाही आता येत."

मी म्हटलं, नाही काकू. तेवढं दाबून टाका. आणि तुमची ती नवीन लग्न झालेली भाची घर शोधतेय ना, तिला दाखवा.

मग अविनाशला फोन लावला. त्यानं उचलला आणि काही विचारायच्या आत मीच विचारलं, फाटकाची कडी ओढून बघितलीस का. फोनमधून शेळ्यांचा आवाज येत होता आणि पोपट कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होता. "बघितली," अविनाश म्हणाला. "मॅनेजर आत आहे." मग त्यानं विचारलं, "तू कुठवर आलीस?"

सुप्याला उतरले तर पोपट मोटरसायकल घेऊन उभा. मागं घासाच्या पेंढ्या बांधलेल्या, मला बसायला वीतभर जागा. डोक्यावर, या उन्हात, वॉशिंग मशीनमधली ती टोपी. त्यानं मामांकडून मागून घेतली म्हणे, सलूनची जाहिरात.

"फ्लॅट नीट हाय ना वैनी?"

"आहे. मी लावायलाच विसरले."

"आन मंग?"

"मग काय, चल. खुरं राहिलीत."

विद्या, तू विचारलं होतंस, आता घर म्हणजे काय वाटतं. मी उत्तर लिहायला बसले होते, त्याऐवजी हे सगळं लिहून झालं. माळावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अविनाश एका बोकडाला मांडीत धरून खुर कापत होता, त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, पण त्याचे कान हसत होते. पोपटनं गाडी आत घेतली. मी मागून उतरले, फाटक लावलं, आणि कडी ओढून बघितली.